निळा घोडा, बाजू दुसरी

रविवार होता आणि सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. हे इतकं पक्कं सांगते, कारण आशूचं औषध अकराला द्यायचं असायचं. दहा मिनिटं उशीर झाला म्हणून जीव वरखाली होत होता, एका हातात चमचा, एका हातात पोरगी आणि नजर घड्याळावर. तेवढ्यात आमचे हे खांद्यावर पोतं घेऊन दारात उभे! पोत्यात काय, तर रेकॉर्डी. काळ्या, मोठ्या, परदेशी. बावीस!

साल शहाण्णव. तेव्हापासून आमच्या घरात जे जे घडलं ते सांगायला बसले की माझं असं होतं बघा, एक किस्सा धरावा तर त्याच्या मागं दुसरा येतो, आणि चहा आटून निम्मा होतो तरी पहिला संपलेला नसतो. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

आधी माणसं सांगते. आमचे हे कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर टर्नर. फौंड्रीत वितळवायला भंगार येतं, त्यात बेळगावकडच्या कुठल्याशा बंद बंगल्यातला माल आला होता. अॅल्युमिनियमची भांडी शोधताना ह्यांना रेकॉर्डी सापडल्या. त्यांचे दोस्त तिघे. अण्णा गुळाचे व्यापारी, घरात कन्नड बोलणारे, मला 'तंगी' म्हणजे धाकटी बहीण म्हणायचे. सर राजारामपुरीतल्या शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, आमच्यात इंग्रजी वाचणारे तेवढेच. आणि बापू रिक्षावाले, ज्यांचा आवाज स्पीकरपेक्षा मोठा.

आणि आशू. माझी लेक. तेव्हा दीड वर्षाची होती आणि तोंडातून एक अक्षर काढत नव्हती. 'आई' नाही, 'बाबा' नाही. हाक मारली की वळायची, हसायची, पण बोलायची नाही. डॉक्टर म्हणाले, "कान उत्तम आहेत. थांबा." थांबा म्हणणाऱ्याचं काय जातं! मी रोज रात्री देवाला एकच मागायची, तिचा एक शब्द.

*

रेकॉर्डी आल्या, पण वाजवायच्या कशावर?

ह्यांनी मशीन घरीच बनवलं. फौंड्रीत अॅल्युमिनियम ओतून ताट काढलं, लेथवर घासून आरशासारखं केलं, जुनी मोटर लावली आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून बेल्ट केला. सुई, तिचा हात आणि स्पीकर तेवढे अण्णांनी मिरजेहून आणले. ताट एवढं जड झालं की बटण बंद केलं तरी ते फिरतच राहायचं! गाणं आपलं हळूहळू खोल विहिरीत उतरत जायचं.

पहिल्या दिवशी सुई टेकली. आधी नुसती खरखर. मग गिटार की काय ते असं उसळून आलं की भिंतीवरचं कॅलेंडर हललं! चौघेही चटईवर ताठ. गाणं संपलं.

अण्णा म्हणाले, "कुणीतरी पत्रा कापालंय वाटतंय की."

बापू म्हणाले, "पर काय कापालंय वो अण्णा! एका रेषेत!"

मला गाण्यातलं काही कळत नव्हतं. मी सातवी शिकलेली, इंग्रजी म्हणजे पाटीवरची एबीसीडी. पण अंगावर काटा आला होता. एवढ्या लांबचा माणूस, कधी कुठल्या खोलीत बसून ओरडला असेल, आणि तो माझ्या घरात, पिठाच्या डब्याशेजारी ओरडत होता.

आशूनं दोन्ही हात स्पीकरच्या लाकडावर ठेवले होते. गाणं संपलं तरी काढले नाहीत.

*

या रेकॉर्डी कुणाच्या, हे कुणालाच माहीत नव्हतं. सरांनी मुंबईला जाऊन मोठमोठ्या दुकानांत विचारलं. दुकानदार म्हणाले, "ही नावं कधी ऐकली नाहीत." मंडळी खूश! जे जगाला माहीत आहे ते आपल्याकडे नको, असा नियमच झाला.

पण नावं तर उच्चारता येत नव्हती. म्हणून नावांची वही लिहायचं काम माझ्याकडं आलं. कव्हरवर जे चित्र असेल ते रेकॉर्डचं नाव. 'गाढव'. 'पिवळं दार'. 'तीन दाढीवाले'. 'चौथा दाढीवाला' (ही वेगळी). कव्हर नसेल तर आवाजावरून. एकात एक म्हातारा फार दुःखानं, जड आवाजात गायचा. अण्णांनी त्याचं नाव ठेवलं 'अज्जा', कन्नडमधला आजोबा.

या अज्जावर मंडळींचा फार जीव. सर म्हणायचे, "या माणसानं आयुष्यात काय काय सोसलं असेल!" अण्णा तर डोळे पुसायचे. आठ महिने दर रविवारी शेवटी अज्जा.

एकदा सरांनी रेकॉर्डच्या मधल्या कागदावर छापलेली वेळ वाचली. चार मिनिटं. घड्याळ लावलं, तर गाणं पाच मिनिटं चाललं.

सर ह्यांना म्हणाले, "तुमचं मशीन हळू फिरतंय."

ह्यांचा चेहरा बघवेना! "सर, माझं माप चुकत न्हाय. छपाई चुकली आसंल."

चार दिवस हे कामावरून आले की मशीन उघडून बसायचे. मग उलगडा झाला. जुन्या मोटरीवर फेऱ्यांचा जो आकडा होता तोच खोटा होता, आणि त्या आकड्यावर विश्वासून ह्यांनी बेल्टची पुली लहान कातली होती. नवी पुली बसवली. रविवारी सगळे जमले. सुई टेकली.

अज्जा बाई होती!

चांगली तरणीताठी बाई, आणि गाणंही दुःखाचं बिलकूल नव्हतं. आठ महिने आमच्या सगळ्या रेकॉर्डी हळू वाजत होत्या!

अण्णांनी वाकून मशीनच्या मागं बघितलं. मग म्हणाले, "होगली बिडू. जाऊ द्या. पर आमचा अज्जा कुठं गेला?"

त्यांच्यासाठी जुनी पुली ठेवून दिली. वर्षातून एकदा, अण्णांच्या वाढदिवसाला, ती बसवून अज्जा ऐकायचा.

अज्जाची बाई झाली त्याच दिवशी बापू माझ्याकडं बघून म्हणाले, "वैनी, पोरगी बी स्लो हाय बघा. पुली बदलली की बोलतीया का न्हाय!"

सगळे हसले. मी आत गेले. बापूंना त्या दिवशी चहा दिला नाही.

*

भंगारवाल्याकडं रेकॉर्डी दिसल्या की उत्साह दाखवायचा नाही, हे अण्णांचं व्यापारी डोकं. "आपल्याला पायजे हे त्येला कळलं की संपलं!"

एकदा एका भंगारवाल्याकडं सागवानी पेटी दिसली, आत काठोकाठ रेकॉर्डी. वरच्याच कव्हरवर दोन डोकी असलेला मासा! बापूंनी अण्णांचा हात दाबला. अण्णांनी तोंड वाकडं केलं आणि भंगारवाल्याला म्हणाले, "ही पेटी चांगली हाय. गुळाच्या पावत्या ठेवायला होईल. आतलं काय का असंना."

व्यवहार ठरला. अण्णा बापूंना घेऊन चहा प्यायला गेले, पेटी रिक्षात टाकायला सांगून. चहा पिऊन आले, रिक्षात बसले, मनातल्या मनात नाचत आमच्या घरी आले. सगळ्यांसमोर झाकण उघडलं.

पेटी रिकामी! वर पुसून स्वच्छ केलेली.

उलट्या पावली गेले. भंगारवाला म्हणाला, "अण्णा, तुम्हाला पेटीच पायजे होती न्हवं? म्हणून आतली घाण मी काढून ठेवली. एक गिऱ्हाईक आत्ताच घेऊन गेलं."

दोन डोक्यांचा मासा परत कधी दिसला नाही. माझ्या वहीत त्याची रिकामी ओळ अजून आहे.

*

बापू भाडं घेऊन कोडोलीला गेले होते. येताना रस्त्याकडेच्या जोंधळ्यात काय बघतात, तर दोरीवर पाच काळ्या रेकॉर्डी टांगलेल्या! वाऱ्यावर फिरतायत, उन्हात चमकतायत. पाखरं घाबरावीत म्हणून शेतकऱ्यानं बांधलेल्या.

बापू रिक्षा सोडून थेट पिकात. दोन सोडल्या, तिसरीला हात घातला तोच मागनं आवाज, "ओ पावणं! काय सोडालाय?"

बापू म्हणाले, "मामा, ह्येच्यात गाणी हायत!"

शेतकरी म्हणाला, "आसतील की. पाखरास्नी आवडत न्हाईत, एवढं मला म्हाईत हाय!"

आता बदल्यात काय द्यायचं? शेतकऱ्यानं बापूंना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "तुमचा शर्ट द्या. बुजगावण्याला हुईल."

बापू बनियनवर कोल्हापुरात आले. पाचही रेकॉर्डींच्या कडेला दोरीसाठी भोक पाडलेलं, उन्हानं वेड्यावाकड्या झालेल्या. चार गेल्याच. पाचवी ह्यांनी दोन जाड लोखंडी पाट्यांत दाबून आठवडाभर ठेवली आणि सुई भोक सोडून आतल्या बाजूला टेकली. मशीनचा हात नुसता वर-खाली, वर-खाली! बापू म्हणाले, "गगनबावड्याच्या घाटात एस्टीत बसल्यागत वाटतंय."

पण तिच्यातून एक सूर आला हो. बासरी, आणि मागं नुसता ढोल. दोन पावसाळे आणि जोंधळ्याची दोन पिकं अंगावर घेऊन ती बासरी जशीच्या तशी राहिली होती. सरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

महिन्यानं बापू परत तिकडून गेले. म्हणाले, "माझा शर्ट बघितला वैनी. दोन्ही खांद्यांवर साळुंक्या बसल्यात!"

*

आता माझा स्वतःचा एक सांगते. हा मी फार वर्षं कुणाला सांगितला नव्हता.

आशूला अडीच वर्षं झाली तरी शब्द नव्हता. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "असला धांगडधिंगा कानावर पडल्यावर पोरगी काय बोलणार? तिचा आवाज आतच दबला."

झालं. माझ्या डोक्यात किडा शिरला. सोमवारी हे कामाला गेले आणि मी मशीनची सुई हळूच काढली. कुठं ठेवायची? फेकायची छाती होईना. माझ्या कुंकवाच्या करंड्यात ठेवली.

तीन रविवार मंडळींनी घर पालथं घातलं. चटई झाडली, केरसुणीचे फड उसवले, बापूंनी तर पाटावरवंटा उचलून बघितला. मी पण शोधतेय असं दाखवत होते. सुई मिळेना म्हणून चौघे नुसते बसून राहायचे, घरात कुणी आजारी असल्यासारखे.

आणि आशू? ती गप्प मशीनपुढं जाऊन बसायची. स्पीकरवर हात ठेवायची, वाट बघायची, आणि काही होईना की माझ्याकडं वळून बघायची. तिसऱ्या रविवारी तिनं स्पीकरवर डोकं टेकलं आणि आवाज न करता रडली.

सोमवारी मी सुई जागेवर लावली. संध्याकाळी ह्यांना म्हटलं, "बघा बरं पुन्हा एकदा, तिथंच असेल." ह्यांनी बघितलं. सुई होती! लगेच रेकॉर्ड लावली. काळ्या रेकॉर्डवर बारीक लाल रेघ उमटत गेली, गोल, गोल, गोल.

ह्यांनी रेघेकडं बघितलं. माझ्या कपाळाकडं बघितलं. म्हणाले, "देवानं पूजा करून दिलेली दिसतीया."

पुढं कधी एका शब्दानं विचारलं नाही.

*

आमच्या बावीसमधली सगळ्यात लाडकी रेकॉर्ड 'निळा घोडा'. कव्हरच्या मागं इंग्लंडातल्या कुठल्याशा गावाचा पत्ता छापलेला. सरांनी गंमत म्हणून पत्र टाकलं, 'तुमची रेकॉर्ड आम्ही कोल्हापुरात दर रविवारी ऐकतो.'

चार महिन्यांनी उत्तर आलं! सर वाचून मराठीत सांगत होते. लिहिणारा त्या रेकॉर्डमधला ढोलवाला. आता लोकांच्या घरांची छपरं दुरुस्त करतो. त्यानं लिहिलं होतं, ती रेकॉर्ड कुणी घेतलीच नाही, बहुतेक प्रती वितळवल्या गेल्या. त्याची एक होती ती त्यानं एका मुलीला ऐकायला दिली. तिनं रेकॉर्ड परत केली नाही आणि लग्नही दुसऱ्याशी केलं. वीस-पंचवीस वर्षं त्यानं स्वतःचं वाजवणं ऐकलं नव्हतं. त्याच्या बायकोला तर वाटायचं, हा थापा मारतो!

शेवटी एकच ओळ होती. 'ती अजून वाजते का?'

मग बापूंनी नाक ओढलं आणि म्हणाले, "द्या पाठवून. ज्येची हाय त्येला."

अण्णा म्हणाले, "आनि आपण काय ऐकायचं?"

म्हणून पाठवण्याआधी कॅसेट करायचं ठरलं.

*

सरांच्या टेपरेकॉर्डरला मशीनची वायर जोडायची सोय नव्हती. स्पीकरपुढं स्टुलावर तो ठेवायचा आणि घरातल्यांनी श्वास रोखायचा, एवढाच उपाय. खोलीत होणारा प्रत्येक आवाज कॅसेटवर जाणार!

रविवारी सकाळी तयारी झाली. पंखा बंद. खिडक्यांना गोधड्या. शेजारी सांगून ठेवलं, तासभर कांडप नको. बापूंना शिंका येतात म्हणून नाकाला रुमाल बांधला. मी बांगड्या काढणार नव्हते, म्हणून कोपरापर्यंत सरकवून वर कापड गुंडाळलं. आशू माझ्या मांडीवर. सव्वातीन वर्षांची झाली होती, आणि घरात सगळ्यात बिनघोर तीच, कारण ती आवाज करणारच नव्हती. अण्णांनी तिच्याकडं बोट दाखवून बापूंना म्हटलंसुद्धा, "हिच्याकडनं शिका."

पहिली बाजू झाली. दुसरी लावली. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं असं आहे की चढत चढत जातं, ढोलवाला जिवावर उदार होऊन वाजवतो, आणि एकदम सगळं बंद! चार-पाच श्वास काहीच नाही. नवख्याला वाटतं संपलं. मग पुन्हा सगळे मिळून कोसळतात.

ती जागा आली. सगळं बंद झालं. खोलीत टेपचं चाक फिरल्याचा तेवढा आवाज.

आणि माझ्या मांडीवरून, मोठ्यांदा, स्वच्छ, "अदून!"

अजून!

आणि त्याच क्षणी, जणू तिचंच ऐकून, ढोल सुरू झाला.

तुम्हाला काय सांगू! माझी लेक बोलली होती. सव्वातीन वर्षं ज्याच्यासाठी मी नवस बोलले होते तो शब्द घरात पडला होता, आणि मला ओरडता येत नव्हतं! टेप चालू होता, रेकॉर्ड उद्या जाणार होती, परत हे व्हायचं नव्हतं. मी पदराचा बोळा तोंडात घातला. ह्यांनी भिंतीला पाठ लावली आणि खाली सरकत बसले. अण्णांचे दोन्ही हात जोडलेले. सर डोळे मिटून. बापूंच्या नाकावरचा रुमाल भिजून काळा झाला, पण त्या माणसानं हूं की चूं केलं नाही! साडेतीन मिनिटं आम्ही पाच माणसं आवाज न करता रडत होतो आणि आशू टाळ्या न वाजवता, नुसती स्पीकरकडं बघून हसत होती.

सुई उचलली. बटण खट्कन बंद झालं.

मग बापू जे ओरडले ते चार गल्ल्या पलीकडं ऐकू गेलं!

*

रेकॉर्ड गेली. तिकडून पोचल्याचं पत्र आलं, त्यात बायकोचीसुद्धा सही होती. आशू बोलायला लागली ती आजतागायत थांबलेली नाही, त्याची तक्रार आता मीच करते.

कॅसेटवरून अण्णांनी प्रती काढल्या. गुळाबरोबर त्या सांगलीला गेल्या, बेळगावला गेल्या, निपाणीला गेल्या. प्रतीवरून प्रती. कुठल्या कुठल्या घरांत निळा घोडा ऐकला जाऊ लागला ते आम्हालाही कळेना.

पाचसहा वर्षांनी एक दिवस दारात एक अनोळखी माणूस. निपाणीचा, तंबाखूच्या वखारीत कामाला. त्याच्याकडं आमच्या कॅसेटची प्रत होती, म्हणून अण्णांचा पत्ता काढत आमच्यापर्यंत आलेला. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली रेकॉर्ड. कागद सोडला. निळा घोडा! अस्सल, कोरी, कव्हरसकट! गोव्याला कुणा परदेशी बाईकडून त्याला मिळाली होती.

आमचे हे उठून उभेच राहिले. अण्णांना, सरांना, बापूंना निरोप गेले. सगळे जमले. माणूस मात्र तोंड पाडून बसलेला.

अण्णांनी विचारलं, "पावणं, एवढा हिरा मिळालाय, आनि तोंड का आसं?"

तो म्हणाला, "काय सांगायचं अण्णा, फसलो. तुमच्याकडं वाजवून बघा की एकदा. डुप्लिकेट हाय. हिच्यात पोरगी न्हाय!"

आशू तेव्हा दारात उभी राहून पेरू खात होती.

आमची मूळ कॅसेट दोन वर्षांमागं टेपरेकॉर्डरनं ओढून खाल्ली. तुमच्यात कुणाच्या ट्रंकेत, कुणाच्या पाहुण्यांकडं तिची प्रत असेल तर आम्हाला मागायची नाही, तुमची तुमच्याकडंच राहू दे. फक्त पुसू नका, आणि ज्याच्याकडं असेल त्याला एवढा निरोप पोचवा, की एकदा कोल्हापूरला घेऊन या. रविवारी सकाळी आम्ही घरीच असतो.